थंडीत माशांचं पाणी बदलताना

शंभर लिटरची टाकी आहे आणि पाणी २६ अंश सेल्सिअसवर. त्यातलं २५ लिटर काढून नळाचं १६ अंशांचं पाणी तसंच ओतलं, तर टाकी किती गार होईल? धास्ती वाटते त्यापेक्षा कमीच. ७५ लिटर २६ अंशांचं आणि २५ लिटर १६ अंशांचं, यांची सरासरी येते २३.५. दहाच लिटर बदललं तर टाकी २५ वर थांबते, आणि एका अंशाची घसरण बहुतेक मासे सहज सोसतात. त्यामुळे थंडीतला पहिला उपाय पाणी तापवणं हा नाहीच. एका वेळी थोडं बदलावं आणि जास्त वेळा बदलावं.

अडीच अंश एकदम उतरणं मात्र बरं नाही. माशाच्या शरीराचं तापमान पाण्याबरोबर वरखाली होतं. पाणी दहा अंशांनी गार झालं की त्याच्या शरीरातल्या रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानाने निम्म्यावर येतो. पचन मंदावतं, रोगाशी लढण्याची ताकदही. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके उठवणारा परजीवी बऱ्याचदा असा गारठा बसल्यानंतरच जोर धरतो.

शिवाय २३.५ हा आकडा सगळं पाणी नीट मिसळल्यावरचा. गार पाणी किंचित जड असतं. बादली सावकाश ओतताना काचेतून बघितलं तर पाण्यात थरथरत्या, तेलकट दिसणाऱ्या रेघा खाली उतरताना दिसतात. दोन तापमानांच्या पाण्यातून प्रकाश वेगवेगळा वाकतो, म्हणून त्या दिसतात. हे गार पाणी तळाला पसरतं, आणि तळाशी वाळू चाळत बसलेल्या कोरीडोरस माशांना काही वेळ २३.५ पेक्षा बरंच गार पाणी सोसावं लागतं. वरच्या कोपऱ्यात चिकटवलेल्या थर्मामीटरला याचा पत्ताही नसतो. फिल्टर चालू ठेवता येत असेल तर त्याच्या धारेसमोरच पाणी ओतावं.

आता कोमट पाणी करायचंच ठरवलं, तर सगळ्यात बेभरवशाचं साधन म्हणजे आपला हात. हाताच्या त्वचेचं तापमान साधारण ३२ ते ३४ अंश असतं, त्यामुळे २६ अंशांचं पाणी, म्हणजे गप्पी किंवा टेट्राला अगदी हवं तसं, हाताला गारच लागतं. हाताला छान कोमट वाटेपर्यंत गरम पाणी मिसळत गेलं की बादली ३५ च्या पुढे गेलेली असते. त्यातून थंडीने बोटं गारठलेली असली तर अंदाज आणखीच चुकतो. साधा काचेचा थर्मामीटर बादलीत बुडवून, पाणी ढवळून, मिनिटभर थांबून वाचावा.

बाकी काम हिशेबाचं आहे. २२ लिटर १६ अंशांच्या पाण्यात ३ लिटर उकळतं पाणी घातलं की २५ लिटर पाणी जवळपास २६ अंशांवर येतं. बादली आणि हवा थोडी उष्णता खाते, म्हणून प्रत्यक्षात अर्धा-एक अंश कमी भरेल. गार पाणी आधी आणि उकळतं त्यात नंतर, हा क्रम पाळलेला बरा. रिकामी प्लॅस्टिकची बादली उकळत्या पाण्याने मऊ पडते. घाई नसेल तर पिंपात पाणी भरून त्यात जादा हीटर आणि एअर स्टोन (पंपाची हवा बारीक बुडबुड्यांनी सोडणारा सच्छिद्र दगड) रात्रभर सोडून द्यावा. २५ लिटर पाणी दहा अंशांनी तापवायला सुमारे ०.३ युनिट वीज लागते, म्हणजे १०० वॉटच्या हीटरचं तीनेक तासांचं काम. गार पाणी थेट टाकीत ओतलं तरी तेवढीच उष्णता लागते. फरक एवढाच, की तेव्हा ते तीन तास मासे गारठ्यात काढतात.

मग गिझरचं पाणी का नको? पुष्कळ जण तेच वापरतात आणि त्यांचे मासे ठणठणीत असतात, हे खरं. पण गरम पाणी नळातले आणि गिझरच्या टाकीतले धातू जास्त विरघळवतं, आणि त्यातलं तांबं कोळंबी व गोगलगायींना फार थोड्या प्रमाणातही घातक ठरतं. पाणी मृदू आणि आम्लधर्मी असेल तर आणखीच. कोळंबी पाळणाऱ्यांनी नळाचं गार पाणी किटलीत उकळून मिसळावं, हे माझं ठाम मत. फक्त मासे असतील तर नळात साचलेलं पाणी आधी वाहू द्यावं आणि मग बादली लावावी. क्लोरीन घालवणारं औषध दोन्ही पाण्यांना लागतंच. उकळलेल्या तीन लिटरमधला क्लोरीन गेला, तरी उरलेल्या बावीस लिटरमधला तसाच असतो.

एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही, ती विरघळलेल्या हवेची. दहा अंशांच्या एका लिटर पाण्यात ११ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, २६ अंशांना फक्त ८. नळातलं पाणी दाबाखाली असल्यामुळे त्यात हवा आणखी जास्त असते. असं गार पाणी टाकीत जाऊन तापलं की जादा हवा बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडते. काचेवर, पानांवर, कधी माशांच्या परांवरही चांदीसारखे बुडबुडे चिकटलेले दिसतात. थोडे असले तर काही बिघडत नाही. पण मोठा बदल केला असेल तर हवा माशाच्या रक्तवाहिन्यांत आणि डोळ्यांमागेही जमू शकते. कोमट केलेलं पाणी अर्धा तास एअर स्टोनवर ठेवलं किंवा एका बादलीतून दुसरीत उंचावरून ओतलं की ही हवा बाहेरच निघून जाते. उकळलेल्या पाण्यातला तुटलेला ऑक्सिजनही याच ढवळण्याने भरून येतो.

अंदाज चुकायचाच असेल तर गारच्या बाजूला चुकलेला परवडतो. पाणी जास्त गरम झालं की माशाची ऑक्सिजनची गरज वाढते आणि नेमका तेव्हाच पाण्यातला ऑक्सिजन कमी होतो. उलट थोडं गार पाणी काहींना मानवतंसुद्धा. कोरीडोरसची पैदास करणारे मुद्दाम दोन-चार अंश गार पाणी घालतात. पावसाचं पाणी आल्यासारखं वाटून हे मासे अंडी घालतात. अर्थात हे तब्येतीने चांगल्या, मोठ्या जोड्यांसाठी. नुकत्याच आणलेल्या माशांवर हा प्रयोग नको.

पाणी काढण्याआधी टाकीतला हीटर बंद करावा. पाणी खाली गेल्यावर तो उघडा पडला तर त्याची काच तापते, आणि त्यावर गार पाणी पडलं की तडकते. टाकी पुन्हा भरल्यावर हीटरची काच पाण्याइतकी होईपर्यंत, म्हणजे पंधरा-वीस मिनिटं, थांबून मगच बटण लावावं.