पाबळच्या फॅब लॅबपासून शाळेतल्या टिंकरिंग लॅबपर्यंत: मशीन कुणासाठी आलं होतं?

थ्रीडी प्रिंटर, लेझर कटर म्हणजे काय हे आता सांगायची गरज राहिली नाही, सातवीतली पोरं पण सांगतील. पण ही मशिनं आपल्याकडे सुरुवातीला कुठे आली आणि कुणाच्या हातात आली, हे फारसं कुणी बोलत नाही. शिरूर तालुक्यातलं पाबळ, दुष्काळी पट्टा, २००२ साल. बॉस्टनजवळच्या एका विद्यापीठात १९९८ पासून ‘जवळपास काहीही कसं बनवायचं’ अशा नावाचा कोर्स चालायचा, त्यातून पुढे फॅब लॅबची, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशिनांनी हवी ती वस्तू बनवायच्या कार्यशाळेची, कल्पना निघाली. त्या विद्यापीठाबाहेर ज्या अगदी पहिल्या लॅब उभ्या राहिल्या त्यातली एक पाबळची. आज जगात दोन हजाराच्या वर आहेत.

पाबळच का, तर तिथे पाया आधीच घातलेला होता. १९८३ मध्ये मोठ्या कंपनीतली संशोधनाची नोकरी सोडून एक शास्त्रज्ञ तिथे गेले आणि शाळा सुटलेल्या, नापासाचा शिक्का बसलेल्या मुलांसाठी आश्रम काढला. वर्षभर तिथेच राहायचं आणि करत करत शिकायचं. वेल्डिंग-बांधकाम, वीज, शेती-जनावरं, घर-आरोग्य असं सगळंच थोडं थोडं, आणि त्यातलं काम गावाला पैसे घेऊन करून द्यायचं. बोअर कुठे घ्यायची ते जमिनीत करंट सोडून तपासून द्यायचं, माती तपासायची. लोखंडी सांगाड्याचे घुमट पण तिथलेच, किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर भागात तशी घरं झाली. म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन आलं तेव्हा ते वापरणारे हात तयार होते आणि ज्याच्यासाठी काही बनवायचं ते गिऱ्हाईक बाहेर उभं होतं. माझ्या मते सगळं यश इथेच आहे, मशीन नंतर.

एक उदाहरण देतो म्हणजे कळेल. कोंबडीची अंडी उबवायची पेटी. साडेसदतीस डिग्रीच्या आसपास तापमान एकवीस दिवस सांभाळायचं, म्हणजे सेन्सर, रिले (वीज आपोआप चालू-बंद करणारा स्विच) आणि त्यांना जोडणारा एक छोटा सर्किट बोर्ड लागतो. फॅब लॅबमध्ये तो बोर्ड टेबलावरच्या छोट्या मिलिंग मशीनवर निघतो. तांबं चढवलेली पट्टी डबल टेपने चिकटवायची आणि एक चौसष्टांश इंचाचं बिट, म्हणजे कोरायचं बारीक टोक, तांब्याला जेमतेम टेकेल असं लावायचं. जरा खाली गेलं की बिट कट्‌कन तुटतं, वर राहिलं तर तांबं निघतच नाही. दहावीत गणितात गेलेला मुलगा इथे पाव मिलीमीटरवर वाद घालतो, कारण बोर्ड चालला नाही तर पेटी विकली जाणार नाही. हे मी डोळ्यांनी बघितलंय, म्हणून एवढं आग्रहाने लिहितोय.

आता शब्दांचा घोळ, आणि तो नुसता शब्दांचा नाही. फॅब लॅब, मेकरस्पेस, टिंकरिंग लॅब हे तिन्ही आपल्याकडे सर्रास एकाच अर्थाने वापरतात. फॅब लॅबचा मूळ करार असा की मशिनं साधारण सगळीकडे सारखीच, आणि दार गावासाठी उघडं. मेकरस्पेस हा शब्द शहरातला, बहुतेक ठिकाणी मेंबरशिप भरून जायचं, हौस असलेल्यांचं किंवा स्टार्टअपवाल्यांचं. टिंकरिंग म्हणजे खुडबुड, तो सरकारी योजनेतून २०१६ नंतर घरोघरी पोचला. त्या योजनेत सहावी ते बारावीच्या वर्गांसाठी प्रत्येक शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान, आणि अशा दहा हजार लॅब झाल्या. २०२५ च्या बजेटमध्ये पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये अजून पन्नास हजारांची घोषणा झाली.

लॅब शाळेत न्यायचा हा निर्णय चुकला का, यावर या क्षेत्रातल्या लोकांचं एकमत नाही. शाळेच्या बाजूने बोलणारे म्हणतात की इमारत आहे, वीज आहे, शिक्षक आहेत, शिवाय लहानपणीच हाताला सवय लागली तर पुढे बेकार राहायची वेळच येणार नाही. मुद्दा खोटा नाही. पण शाळा सोडून चार वर्षं झालेला, आयटीआयला नंबर न लागलेला, दिवसा पेट्रोल पंपावर उभा राहणारा एकवीस वर्षांचा मुलगा त्या गेटमधून आत कसा जाणार? त्याचं नाव हजेरीपटावर नाही. आमच्या भागातल्या एका शाळेत लॅब चांगली आहे, प्रिंटर आहे, सोल्डरिंगचं टेबल आहे, आणि साडेपाचला कुलूप लागतं, मे महिन्यात तर अख्खी लॅब बंद. मशीन काही तिथे झिजून जात नाही, उलट पडून पडूनच बिघडतं.

दुसऱ्या बाजूला २०१५ पासूनचे सरकारी कौशल्य कोर्स आले. त्यात बेरोजगार तरुण हाच लाभार्थी, पण कोर्स ठराविक तासांचे, शेवटी परीक्षा आणि सर्टिफिकेट, आणि बराच भर कुणाकडे तरी नोकरीला लागण्यावर. स्वतः काही डिझाइन करून विकायचं याला त्यात जागा कमी. म्हणजे मशीन गेलं शाळेत आणि तरुण गेला कोर्सला. पाबळमध्ये हे दोन्ही एका छपराखाली होते, आणि तिथला वर्षभराचा कोर्स अजून चालू आहे, सरकारमान्य डिप्लोमा मिळतो.

सध्या मागणी अशी पुढे येतेय की शाळेतल्या लॅबची संध्याकाळची वेळ गावातल्या तरुणांना द्या आणि एक मानधनावरचा माणूस ठेवा, शक्यतो तिथूनच शिकून धंदा करणारा. फिलामेंट (थ्रीडी प्रिंटरला लागणारी प्लास्टिकची तार), प्लाय, बिट यांचा खर्च कुणी करायचा आणि मशीन बिघडलं तर जबाबदारी कुणाची, मुख्याध्यापकाची की ग्रामपंचायतीची, इथे गाडी अडते.