सामुदायिक जीवशास्त्र प्रयोगशाळा (कोकण किनारा)

विद्यापीठ वा उद्योगाच्या चौकटीबाहेर, सुरक्षेचे नियम पाळणाऱ्या कोणालाही खुली असलेली जैविक प्रयोगांची सामायिक जागा. अशा जागा उपकरणे, कृती आणि सूक्ष्मजीवांचे संवर्ध (पोषकद्रवात मुद्दाम वाढवलेले सूक्ष्मजीव) परस्परांना देऊ लागल्या की त्यांचे जाळे तयार होते.

उगम : याबाबत एकमत नाही. सर्वसाधारणपणे २००८ मध्ये बॉस्टन परिसरात मॅकेन्झी कॉवेल व जेसन बोब यांनी सुरू केलेल्या ‘डीआयवायबायो’ (‘स्वतः करा’ जीवशास्त्र) गटापासून आरंभ मानतात. स्वतःची कायम जागा ही कसोटी लावल्यास न्यूयॉर्कच्या ‘जेनस्पेस’चा (२०१०) मान पुढे येतो. कलेच्या अंगाने पाहणारे पश्चिम ऑस्ट्रेलिया विद्यापीठातील ‘सिम्बायोटिका’पर्यंत (२०००) मागे जातात, मात्र ती विद्यापीठाच्याच छत्राखालची असल्याने तिला पूर्वरूप म्हणणे अधिक सयुक्तिक. कोकणाला जवळची परंपरा ‘हॅकटेरिया’ या जीवशास्त्र व कला जोडणाऱ्या खुल्या जाळ्याची (सु. २००९). तिच्या संस्थापकांत बंगळूरचे यशस शेट्टी होते आणि वेबकॅमपासून सूक्ष्मदर्शक बनवण्यासारख्या स्वस्त साधनांवर तिचा भर राहिला.

कोकणातील माध्यम : अशा प्रयोगशाळेत सूक्ष्मजीवांच्या रंगांपासून करायच्या कलाकामाला येथील मिठागरे विशेष अनुकूल आहेत. शिरोडा येथील मिठागरे १९३० च्या सत्याग्रहामुळे परिचित आहेत. मिठागरांच्या संपृक्त पाण्यात लवणप्रिय सूक्ष्मजीव (हॅलोआर्किया) वाढतात. त्यांतील बॅक्टेरिओरुबेरिन या रंगद्रव्याने पाणी गुलाबी ते तांबूस दिसते. खारवलेल्या मासळीवर कधीकधी येणारी लाली याच गटाची. २० ते २५ टक्के मिठाच्या पोषकद्रवात इतर जिवाणू सहसा तगत नाहीत, म्हणून निर्जंतुक कक्षाशिवायही संवर्ध बऱ्यापैकी शुद्ध राहतो. वाढ मात्र सावकाश, आठवड्यांच्या हिशेबाने होते. गोड्या पाण्यात पेशी फुटतात आणि रंग अल्कोहोलने काढता येतो. हे कॅरोटिनॉइड (गाजरातील रंगाच्या गटातले रंगद्रव्य) उजेडात फिकटते, त्यामुळे सावंतवाडीच्या गंजिफासारख्या (हाताने रंगवलेले खेळाचे पत्ते) टिकाऊ कामाआधी रंगवलेली पट्टी उन्हात ठेवून पाहणे अगत्याचे. खडेमिठात अडकलेल्या द्रवबिंदूंत हे जीव दीर्घकाळ जिवंत राहतात. जाळ्यासाठी ही फार मोलाची गोष्ट आहे, कारण संवर्धाच्या देवाणघेवाणीला शीतपेटी लागत नाही आणि मिठागरे बंद असतानाही पावसाळ्यात काम चालू राहते.

ओळख पटवणे व प्रशिक्षण यांसाठी दापोलीचे कृषी विद्यापीठ (१९७२) आणि रत्नागिरीजवळ शिरगाव येथील मत्स्य महाविद्यालय (१९८१) हे स्वाभाविक आधार होत.

नियमन : जनुके बदललेल्या सजीवांवरील काम पर्यावरण संरक्षण अधिनियमाखालील १९८९ च्या नियमांत येते, त्यासाठी संस्थात्मक जैवसुरक्षा समिती लागते. खुल्या प्रयोगशाळेने नैसर्गिक, निरुपद्रवी प्रकारांपुरते राहणेच उचित. जैवविविधता अधिनियमानुसार (२००२) स्थानिक संस्थेच्या पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समिती असते व ती लोकजैवविविधता नोंदवही (स्थानिक जीवसृष्टी व तिच्याविषयीच्या लोकज्ञानाची नोंद) तयार करते. मिठाच्या वाफ्यातील पाण्याचा रंग केव्हा पालटतो हे मिठागरात राबणाऱ्यांनाच आधी कळते. हे ज्ञान त्या नोंदवहीत त्यांच्या श्रेयासह यायला हवे.