पुढच्या खाटेकडे जाण्याआधी

पहाटे चारला सात नंबरचे आजोबा जातात. सिस्टर नळ्या काढते, नातेवाइकांना सांगते, कागद पुरे करते. तेवढ्यात नऊ नंबरच्या आजी पाणी मागतात. त्यांच्यापुढे तिला हसऱ्या चेहऱ्यानंच उभं राहायचं असतं.

आत एक आणि चेहऱ्यावर दुसरं, या कसरतीला समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शिल्ड यांनी १९८३ साली ‘भावनिक श्रम’ म्हटलं. त्यांचा अभ्यास मुख्यतः हवाई सेविकांचा होता, पण वॉर्डात तो शब्दशः लागू पडतो. असे श्रम साचत गेले की माणूस आतून रिकामा होतो, कामात राम वाटेनासा होतो आणि ‘सातवरचे आजोबा’ हळूहळू ‘सातवरचा स्ट्रोक’ होतात. मला यातलं शेवटचं सगळ्यात जास्त लागतं, कारण ते होताना त्या सिस्टरलाही कळत नाही.

यावर उपाय म्हणून सजगता सुचवली जाते, म्हणजे या क्षणी आत-बाहेर जे चाललंय त्याकडे शांतपणे लक्ष देणं. तिचं आजचं प्रशिक्षण जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात सुरू केलं. आठ आठवडे, रोज पाऊण तास सराव. तीन पाळ्या आणि वर घरचं करणाऱ्या बाईनं एवढा वेळ आणायचा कुठून? म्हणून परिचारिकांसाठी तो कामातच मुरवावा लागतो. साबणानं हात नीट धुवायला चाळीस ते साठ सेकंद लागतात आणि एका पाळीत ते कितीतरी वेळा धुवावे लागतात. तेवढ्या वेळात पाण्याचा स्पर्श, जमिनीवर टेकलेले तळवे, एक सावकाश श्वास. मग मनात जे आहे त्याला नाव द्यायचं: ‘मला रडू येतंय.’ ‘मला त्या मुलाचा राग आलाय.’

नाव दिल्यानं काय होतं? मेंदूचे अभ्यासक मॅथ्यू लिबरमन यांच्या २००७ च्या प्रयोगात लोकांना भेदरलेले, चिडलेले चेहरे दाखवून मेंदूचं स्कॅनिंग केलं. भावनेला शब्द दिला की धोक्याची वर्दी देणाऱ्या अमिग्डालाची धावपळ कमी झाली आणि कपाळामागचा, आवर घालणारा भाग जास्त काम करू लागला. म्हणजे हे रडू गिळणं नव्हे. गिळलेलं रडू शरीरात ताण म्हणून राहतंच.

मेंदूच्याच अभ्यासक टानिया सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी यांनी आणखी एक भेद दाखवला. दुसऱ्याचं दुःख स्वतःत ओढून घ्यायचा सराव केलेल्यांना जास्त त्रास झाला. ‘याचं भलं होवो’ अशा करुणेचा सराव केल्यावर मन पुन्हा उभारी धरू लागलं. दोन्ही सरावांत काम करणारी मेंदूतली जाळीही वेगवेगळी निघाली.

अमेरिकेत व्हर्जिनियातले परिचारक जोनाथन बार्टेल्स यांनी तर अगदी साधी रीत पाडली. पेशंट गेला की सगळ्यांनी त्याच्याभोवती मिनिटभर गप्प उभं राहायचं, मग पुढचं काम.

पण कमी माणसांत वॉर्ड चालवून वर सिस्टरांना श्वास मोजायला सांगणं हा अन्याय आहे. परिचारिकांच्या कामावर संशोधन करणाऱ्या लिंडा एकन यांच्या २००२ च्या, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या अभ्यासात, दर परिचारिकेमागे एक पेशंट वाढला की तिच्या थकून कोलमडण्याची शक्यता २३ टक्क्यांनी वाढलेली दिसली, आणि रुग्ण दगावण्याची ७ टक्क्यांनी. प्रशिक्षण द्यायचंच असेल तर ते नाइट उतरल्यावर नको, ड्यूटीच्या वेळात द्या, आणि तेवढा वेळ तिच्या खाटा बघायला दुसरी सिस्टर उभी करा.