जुनं लष्करी विमान पुन्हा उडवायचंय? आधी बी१.२ लायसन्सचा अर्ज समजून घ्या

११ ऑक्टोबर २०२४ ला नवी मुंबईच्या नव्या धावपट्टीवर हवाई दलाचं सी-२९५ हे मालवाहू विमान उतरलं. पुढे २६ सप्टेंबर २०२५ ला मिग-२१ हे जुनं लढाऊ विमान निवृत्त झालं. तेव्हापासून आमच्या कळव्यातली मुलं मला एकच विचारतात: 'काका, अशी जुनी विमानं दुरुस्त करून उडवायची असतील तर अर्ज कुठे करायचा?' प्रश्न मनापासून आलेला असतो, म्हणून उत्तर नीट लिहून ठेवतो.

इथे अर्ज दोन आहेत, एक विमानाचा आणि एक माणसाचा, म्हणजे दुरुस्ती करणाऱ्याच्या लायसन्सचा.

विमानाचं थोडक्यात सांगतो. हवाई दलाच्या ताब्यातलं विमान डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमानांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याच्या, कक्षेत येतच नाही. 'परशुराम' नावाचं जुनं डकोटा मालवाहू विमान, क्रमांक व्हीपी-९०५, ब्रिटनमध्ये दुरुस्त होऊन २०१८ मध्ये हवाई दलात आलं. ते दलाच्या स्वतःच्या नियमांखाली उडतं. तिथे काम करायचं तर हवाई दलात भरती हाच रस्ता. विमान खासगी मालकीचं असेल तर मात्र डीजीसीएकडे व्हीटी या भारताच्या अक्षरांनी सुरू होणारी नोंदणी लागते. त्यासाठी विक्रीपत्र, परदेशातून आणलं असेल तर तिथली नोंदणी रद्द झाल्याचा दाखला, कस्टम्सची बिल ऑफ एन्ट्री आणि विमा ही मुख्य कागदपत्रं. बाहेरून आणायच्या विमानांना वयाच्या अटी आहेत, त्यामुळे पैसे देण्याआधी डीजीसीएला विचारा.

नोंदणी झाली म्हणजे उडायची परवानगी मिळाली असं नाही. उड्डाणयोग्यतेचं प्रमाणपत्र वेगळं, आणि त्याचा पाया म्हणजे टाइप सर्टिफिकेट, त्या मॉडेलच्या रचनेला मिळालेली नागरी मान्यता. डकोटा मुळात डीसी-३ हे प्रवासी विमान, टायगर मॉथ हे दुपंखी प्रशिक्षण विमान तर जगभरच्या फ्लाइंग क्लबांत वापरलं गेलं. त्यांना नागरी आधार आहे. मिग-२१ किंवा नॅट ही जेट विमानं लष्करासाठीच बनलेली. त्यांच्यासाठी नेहमीच्या प्रमाणपत्राला आधारच सापडत नाही. मुलांचा चेहरा इथे पडतो, पण खोटी आशा लावणं मला जमत नाही.

आता माणसाचा अर्ज. माझ्या मते खरी सुरुवात इथूनच होते.

विमान दुरुस्त झाल्यावर 'हे सेवेत देण्यास योग्य' अशी सही एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअर करतो. रिव्हेट मारणारे, पत्रा ठोकणारे, पंखावर कापड चढवून त्यावर डोप (कापड ताणून घट्ट करणारा लेप) लावणारे हात कोणाचेही असू शकतात. वागळे इस्टेटच्या आयटीआयमधला चांगला फिटर इथे सोन्यासारखा आहे. पण सही लायसन्सवाल्याचीच. हे लायसन्स डीजीसीएच्या सीएआर-६६ नियमाखाली मिळतं. बी१.१ टर्बाइन इंजिनाच्या विमानांसाठी, बी१.२ पिस्टन इंजिनाच्या विमानांसाठी, बी२ एव्हिऑनिक्ससाठी, म्हणजे विमानातल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणांसाठी. एअरलाइनची नोकरी डोळ्यांपुढे ठेवून सगळे बी१.१ कडे धावतात. जुन्या विमानांचं वेड असेल तर बी१.२ घ्या. टायगर मॉथचं उलटं बसवलेलं चार सिलिंडरचं जिप्सी मेजर, हार्वर्ड या प्रशिक्षण विमानाचं नऊ सिलिंडरचं रेडियल (सिलिंडर गोलाकार मांडलेलं), डकोटाची चौदा सिलिंडरची दोन ट्विन वास्प, ही सगळी पिस्टन इंजिनं. ती जाणणारी पिढी निवृत्त होत चालली आहे, याची मला मनापासून काळजी वाटते.

पात्रता: बारावी, त्यात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवं, किंवा इंजिनिअरिंगचा तीन वर्षांचा डिप्लोमा. लायसन्ससाठी वय किमान १८. मॉड्युलच्या, म्हणजे एकेका विषयाच्या, परीक्षा डीजीसीएची केंद्रीय परीक्षा संस्था घेते, प्रत्येकीत पास व्हायला ७५ टक्के लागतात. त्यासाठी आधी कंप्युटर नंबर, म्हणजे परीक्षार्थीचा नोंदणी क्रमांक, काढावा लागतो, तोही ऑनलाइन.

संस्था निवडताना चौकशी करा. सीएआर-१४७ या प्रशिक्षण संस्थांच्या नियमाखालची मान्यता संस्थेच्या नावाला नसते, कॅटेगरीला असते. दारावर 'डीजीसीए मान्य' अशी पाटी असली तरी बी१.२ शिकवण्याची मान्यता आहे का, हे मान्यतापत्रावर स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. प्रवेशाच्या वेळी एमबीबीएस डॉक्टरचा दाखला मागतात. रंग ओळखण्यात अडचण आहे का ते फी भरण्याआधीच तपासून घ्या.

अनुभवाचा हिशोब बी१.२ मध्ये सोपा आहे. मान्य अभ्यासक्रम केला असेल तर प्रत्यक्ष कामाचं एक वर्ष पुरतं, तांत्रिक ट्रेडचं प्रशिक्षण असेल तर दोन, काहीच नसेल तर तीन. बी१.१ ला हेच दोन, तीन आणि पाच वर्षं होतात. हवाई दलातून निवृत्त झालेल्या तंत्रज्ञांनी हे लक्षात ठेवावं की त्यांचा लष्करी अनुभव धरला जातो, पण वर नागरी विमानांवरचा काही अनुभव जोडावाच लागतो. हा अनुभव फ्लाइंग स्कूलच्या हँगरमध्ये मिळतो. आपल्याला जवळ म्हणजे बारामती, पुढे धुळे, गोंदिया.

कागदपत्रांत दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, फोटो, मॉड्युल पास झाल्याचे निकाल आणि अनुभवाची लॉगबुक. अर्ज डीजीसीएच्या ईजीसीए या ऑनलाइन पोर्टलवर. गुणपत्रिकेवरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षर न अक्षर जुळू द्या. आपल्याकडे वडिलांचं नाव कुठे मध्ये, कुठे शेवटी, कुठे नुसतं आद्याक्षर. दुरुस्ती हवी असेल तर शाळेमार्फत वाशीच्या विभागीय मंडळाकडे आधीच अर्ज टाका, त्याला वेळ लागतो.

लॉगबुकाबद्दल कळकळीने सांगतो. माझ्या पहिल्या नोकरीतल्या चार महिन्यांच्या नोंदींवर वरिष्ठांची सही राहून गेली. ते बदली होऊन गेले, आणि ते चार महिने मला दुसरीकडे पुन्हा भरावे लागले. नोंद त्याच दिवशी लिहा: तारीख, विमानाचं नोंदणी चिन्ह, नेमकं काम. 'इंजिन तपासणी' एवढंच लिहू नका. कोणते प्लग काढले, कोणत्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजलं, ते लिहा. सही आठवड्याच्या आत घ्या.

लायसन्स पाच वर्षांचं असतं. त्यावर सही करत राहायची तर मागच्या दोन वर्षांत किमान सहा महिने प्रत्यक्ष काम केलेलं हवं. जुन्या विमानांची कामं अशी सलग मिळत नाहीत, म्हणून फ्लाइंग स्कूलमधली पिस्टन विमानांची नोकरी सोडू नका.