कोडमध्ये सेन्सरचं नाव आलं म्हणजे सेन्सरच गेला?

‘स्कॅनरवर ज्या सेन्सरचं नाव येईल तो बदला, चेक इंजिनचा दिवा जाईल’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. पटण्यासारखाही आहे, स्कॅनर गाडीतून वाचतो त्या बिघाडाच्या कोडमध्ये नाव सेन्सरचंच असतं. पण ईसीयूला (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाला) सेन्सर दिसत नाही, दिसतो तो वायरवरचा व्होल्टेज.

कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) तापमानाचा पी०११८ हा कोड घ्या. अर्थ एवढाच, की सर्किटचा व्होल्टेज प्रमाणाबाहेर वर गेला. सेन्सर आतून तुटला तरी हाच कोड, वायर तुटली किंवा पिन गंजून हिरवी पडली तरी हाच. लाइव्ह डेटात (स्कॅनरवर त्या क्षणी दिसणाऱ्या आकड्यांत) तापमान साधारण उणे ४० अंश दिसतं.

इग्निशन बंद करून सेन्सरचा कनेक्टर काढा, हार्नेसकडच्या (गाडीच्या वायरींच्या जुडग्याकडच्या) दोन्ही पिना वायरीच्या तुकड्याने जोडा, इग्निशन चालू करा. आकडा थेट गरम टोकाला गेला तर वायरिंग ठीक, संशय सेन्सरवर. उणे ४० वरच राहिला तर दोष सेन्सरच्या पुढे, बहुधा वायरिंगमध्ये; नवा सेन्सर आणून उपयोग नाही. (हे फक्त दोन वायरींच्या तापमान सेन्सरवर करा, तीन वायरींच्या सेन्सरवर ५ व्होल्टचा पुरवठा शॉर्ट होऊ शकतो.)

वायर अखंड आहे का हे पाहताना मल्टीमीटरच्या बीपवर विसंबू नका, वायरीतली एकच तार शिल्लक असली तरी बीप वाजते. कनेक्टर परत लावून हार्नेस हलवा. आकडा उडाला की तुटकी जागा तिथेच. ती कापून क्रिंप करा (टोकं धातूच्या नळीत दाबून जोडा), वर गोंदवाली हीट-श्रिंक (गरम केल्यावर आकसणारी नळी) चढवा. नुसती टेप ओल अडवत नाही.