मॉडेलमध्ये लोकल कधी आली

जुलै २०२० मध्ये ठाण्यात परत कडक लॉकडाऊन लागला, मुंबईत मात्र बिगिन अगेन (निर्बंध हळूहळू उठवणं) चालू, म्हणजे मुलुंड चेकनाक्याच्या अलीकडे सगळी शटर डाऊन आणि पलीकडे दुकानं उघडी. मी गुपचूप चालत जाऊन चार्जरची केबल आणली होती. आता महापालिकेची हद्द कुठे संपते हे व्हायरसला कोण सांगणार?

तर साथ कशी पसरते ते सांगणारी गणितं, म्हणजे मॉडेलं, जिथून आली ते आकडे आपल्याच मुंबईचे आहेत. १८९६ ला मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, माणसं घाबरून गावाकडे पळाली, मग पुण्यात प्लेग, तिथे १८९७ ला रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई गेल्या, रँडचं प्रकरण तर शाळेत शिकलोच आहोत. प्लेग नंतरही वर्षानुवर्षं येत राहिला. डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ मधले मुंबईतले दर आठवड्याचे मृत्यू घेऊन केरमॅक आणि मॅकेंड्रिक या संशोधकांनी १९२७ च्या पेपरमध्ये आपल्या गणिताचा कर्व्ह त्यावर बसवून दाखवला. मॅकेंड्रिक कसौलीला नोकरी केलेला लष्करी डॉक्टर, केरमॅकची दृष्टी लॅबमधल्या अपघातात गेलेली.

त्यांनी लोकांचे तीन डबे केले: अजून लागण न झालेले, आजारी, आणि बरे झालेले किंवा गेलेले. साथ ओसरायला सगळ्यांना लागण व्हावी लागत नाही, पहिल्या डब्यातली गर्दी ठराविक पातळीखाली आली की ती आपोआप उतरते, हे त्यातलं खरं सोनं. (प्लेग उंदरांच्या पिसवांमुळे पसरतो, तरी कर्व्ह मस्त बसला, हे जरा गंमतीशीरच.) पण सगळं शहर एकत्र ढवळलेलं धरलेलं, कुणीही कुणालाही सारखंच भेटतं असं, कोण कुठून कुठे जातं ते नाहीच, म्हणजे डबे होते पण गाडी नव्हती.

गाडी, खरं तर विमान, नंतर आलं. १९८५ ला र्‍वाचेव आणि लाँजिनी या संशोधकांनी जगातली ५२ शहरं विमान प्रवाशांच्या आकड्यांनी जोडली आणि १९६८ चा हाँगकाँग फ्लू कसा फिरला ते मांडलं.

कोविडमध्ये मुंबईची टीआयएफआर आणि बंगळुरूची आयआयएससी या संशोधन संस्थांनी मुंबईचं मॉडेल केलं त्यात घर, ऑफिस, झोपडपट्टी वेगळी आणि लोकलही होती. वेगळं का धरायचं ते जुलै २०२० च्या सिरो सर्व्हेत (रक्त तपासून किती जणांना लागण होऊन गेली ते बघतात) दिसलंच, तीन वॉर्डांत झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांमध्ये अँटिबॉडी आणि बाहेर फक्त १६.

१ फेब्रुवारी २०२१ ला लोकल सगळ्यांना उघडली ती पण सकाळी ७ च्या आधी, दुपारी १२ ते ४ आणि रात्री ९ नंतर. माझं ऑफिस १० चं, म्हणून पावणेसातची ठाणे लोकल पकडायची आणि सीएसएमटीला उतरून दोन तास बाकड्यावर डबा मांडीवर घेऊन बसायचं.