अप्पांची दुसरी नोकरी आणि ‘माकडताप’: थोडी पार्श्वभूमी

अप्पा गेले तेव्हा फॅमिली ग्रुपवर सगळ्यांनी त्यांचे फौजेतलेच किस्से टाकले, 62, 65, मेडिकल कोअर वगैरे. ते सगळ्यांना पाठ आहेत, परत सांगत नाही. पण पंधरा वर्षांची सर्व्हिस करून पेन्शनवर घरी आल्यावर त्यांनी पुण्याच्या विषाणू संशोधनवाल्या संस्थेत जी नोकरी केली तिच्याबद्दल नातवंडांना एवढंच ठाऊक की ‘आजोबा माकडांचं काहीतरी करायचे’.

संस्था 1952 ची. 1957 ला कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडं पटापट मरायला लागली आणि आसपासच्या गावातली माणसंही तापाने फणफणली. पहिला संशय यलो फीवरचा, आणि तो आशियात कधी आलेलाच नव्हता त्यामुळे धावपळ फार झाली. निघाला भलताच व्हायरस, रशियातल्या एका गोचीडतापाच्या व्हायरसचा भाऊबंद. म्हणून त्या रशियन तापाची लस इथल्या लोकांना टोचून बघितली, उपयोग शून्य. अप्पा तेव्हा अजून फौजेत होते.

आता नावाची भानगड. आपल्याकडे सगळे ‘माकडताप’ म्हणतात आणि अप्पांची या शब्दावर भयंकर चिडचिड व्हायची. एक तर मरतात माकडं आणि वानरं दोन्ही. दुसरं म्हणजे माकड चावून हा ताप येत नाही, एका माणसाचा दुसऱ्याला लागत नाही, चावते ती गोचीड, तीही बारकी, खसखशीएवढी, लक्षातही येत नाही. माकड मेलं, अंग गार पडलं की त्याच्या अंगावरच्या गोचिड्या उतरतात आणि तिथेच पाल्यात पडून राहतात, म्हणजे मेलेलं माकड ही धोक्याची खूण झाली, गुन्हेगार नव्हे. पण नावामुळे लोक जिवंत माकडांनाच हाकलत सुटतात आणि मेलेलं तसंच ओढून टाकतात. मला स्वतःला वाटतं ‘गोचीडताप’ म्हटलं असतं तर निम्मं काम नावानेच केलं असतं, पण आता कोण बदलणार.

अप्पांचं काम म्हणजे पांढरं फ्लॅनेलचं कापड जंगलातल्या पाल्यावरून ओढत न्यायचं, दर थोड्या वेळाने उलटं करून चिकटलेल्या गोचिड्या चिमट्याने वेचायच्या आणि बाटलीत भरायच्या. 1983 च्या आसपास दक्षिण कन्नडमध्ये मोठी साथ आली तेव्हा ते महिनोन्‌महिने तिकडेच. घरी आले की मात्र पोरांना सिंहगडावर न्यायचे आणि परतल्यावर ओळीने उभं करून कानामागे, गुडघ्याच्या मागे टॉर्च मारून बघायचे, आम्ही त्याला परेडच म्हणायचो.

मला जवळून माहीत आहे ते पुढचं. 2015 ला गोव्यात सत्तरी आणि 2016 ला आपलं सिंधुदुर्गातलं दोडामार्ग, दोन्हीकडे हा ताप आला. तेव्हा मी सावंतवाडीला होतो. जानेवारी ते मे म्हणजे नेमका काजूचा सीझन, लोक बागेत जाणार नाहीत तर खाणार काय? रोज अप्पांना फोन, आणि ते नकाशा समोर घेऊन बसलेले.

2022 ला कर्नाटकात माकडतापावरची, नंतर निघालेली लसच बंद झाली, पुरेसा परिणाम होत नाही म्हणून. मी त्यांना सांगितलं तर म्हणाले, "मग आता काय देतात?" म्हटलं अंगाला लावायला तेल. थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "आणि पँट मोज्यात खोचायला सांगतात ना?"